लातूरच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांस उदगीरहून आभारपत्र

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापू नये, असे आपणच बजावले होते, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे.

माझ्या आईला 1980 च्या दशकात बाळंतपणात रक्त चढवावे लागले होते. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस सी हा विषाणू मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ओळखला; त्याआधी रक्तपेढीत त्याची तपासणी होणेच शक्य नव्हते. तो रोग बहुधा त्या वेळीच शिरला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले, आणि यकृताला सिऱ्होसिस होईपर्यंत, म्हणजे ते व्रण पडून कडक होईपर्यंत, त्याने घरात कोणाला चाहूल लागू दिली नाही. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने कधी 48 आठवडे घ्यावी लागत, त्यांचा त्रास मोठा असे आणि बरे होण्याची खात्री नसे. आईला मात्र राष्ट्रीय कार्यक्रमातून सोफोसबुविर आणि वेल्पाटास्विर यांची एकत्रित गोळी 12 आठवडे विनामूल्य मिळाली. उपचार संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी केलेल्या तपासणीत रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडला नाही, आणि आई बरी झाल्याचे आम्हांला सांगण्यात आले.

आपले उपकार त्यानंतरचे आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत अहवाल पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ आला, शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि आईने जेवण टाकले. त्या दिवशी नमुने घेऊन झाल्यावरही आपण आम्हांला बाकावर बसवून घेतलेत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या तपासणीत अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, दिसतात; विषाणू दिसत नाही. काळ्या रानात उमटलेली चाकोरी गाडी निघून गेल्यावरही राहते, तशा त्या बरे झाल्यानंतरही वर्षानुवर्षे रक्तात राहतात, हे आपण आईला तिच्याच भाषेत सांगितलेत. विषाणू आहे की नाही हे आरएनएची तपासणीच सांगते, म्हणून त्या तपासणीचा जुना अहवाल जपून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना आधी तोच दाखवा, असेही बजावलेत. मग पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विनंती करून, नेत्रतज्ज्ञांसाठी त्यांच्या सहीचे चार ओळींचे पत्र मिळवून दिलेत. आई आपल्याला ‘लेकरा’ म्हणू लागली ती तेव्हापासून. मला विचाराल तर हे समजावण्याचे काम अहवाल देणाऱ्या प्रत्येक खिडकीवर व्हायला हवे. ‘पॉझिटिव्ह’ एवढा एकच शब्द हाती ठेवून माणसाला घरी पाठवणे योग्य नव्हे.

आनंदाच्या भरात आम्ही निघालो, तेव्हा आपण आम्हांला थांबवून दोन गोष्टी सांगितल्यात, त्यांचे मोल मला पुढे कळले. या अँटीबॉडी संरक्षण देत नाहीत, दूषित रक्ताशी संबंध आला तर लागण पुन्हा होऊ शकते, ही एक. आणि विषाणू गेला तरी सिऱ्होसिस झालेल्या यकृतात कर्करोगाचा धोका पूर्ण संपत नाही, म्हणून दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, ही दुसरी. गोड बातमीला असे कटू शेपूट जोडणे कोणालाही नकोसे वाटते. आपण ते टाळले नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली असून ती आता पोथी स्वतः वाचते. तिची पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर लातूरलाच आहे, तेव्हा आपल्यासाठी घरच्या हरभऱ्याची डाळ घेऊन येण्याचा तिचा आग्रह आहे. कृपया नाही म्हणू नये.

आपली कृतज्ञ,
उदगीरची एक लेक