धूर नको, डासाचे आयुष्य मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळ्याच्या सुमारास खान्देशात हिवतापाचे रुग्ण वाढू लागले, की धूरफवारणीसाठी निवेदने दिली जातात. मग गाडी फिरते, फोटो छापून येतात आणि दिवाळीनंतर रुग्ण घटले की श्रेय धुराला जाते. हिवताप-प्रसाराचे गणित मांडून पाहिले, तर हे श्रेय त्यात कुठेच बसत नाही.

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि पुढे या प्रसाराची समीकरणेही त्यांनीच मांडली. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी त्यात डासाच्या आयुष्याचे वजन किती, ते दाखवून दिले. माणशी डासमाद्या किती, एक मादी माणसाला किती वेळा चावते, रोज किती माद्या जगून उरतात आणि परजीवी मादीच्या अंगात पक्व व्हायला किती दिवस लागतात, हे त्यातले मुख्य आकडे.

माद्यांची संख्या निम्मी केली तर प्रसार निम्मा होतो. माणसाला चावणे निम्मे केले तर तो चौथाईवर येतो, कारण मादीला दोनदा चावावे लागते: एकदा रुग्णाकडून परजीवी घ्यायला, एकदा तो दुसऱ्याला द्यायला. मच्छरदाणीचा जोर इथे आहे.

पण खरी गंमत आयुष्यात आहे. २५ अंश तापमानाला व्हायव्हॅक्स परजीवी मादीच्या अंगात पक्व व्हायला साधारण १० दिवस लागतात. रोज ९० टक्के माद्या जगत असतील, तर शंभरातल्या ३५ दहाव्या दिवसापर्यंत पोचतात आणि पुढे सरासरी साडेनऊ दिवस जगतात. हेच प्रमाण ८० टक्क्यांवर आणले, तर पोचतात जेमतेम ११ आणि पुढचे आयुष्य साडेचार दिवस. दोन्हींचा गुणाकार करा: प्रसार सातव्या हिश्श्यावर येतो.

धूर मारतो तो त्या घडीला उडणाऱ्या डासांना. आपल्या ग्रामीण भागातला मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस दिवसा घरात-गोठ्यात भिंतीवर बसून असतो, आणि पांझरा-गिरणेच्या डबक्यांतल्या अळ्यांना तर धुराचा पत्ताही लागत नाही. आठवडा-दीड आठवड्यात नवी पिढी हजर. भिंतीवरच्या कीटकनाशकाचे तसे नाही. रक्त पिऊन मादी दर दोन-तीन दिवसांनी भिंतीवर टेकते आणि दर वेळी मरणाची शक्यता वाढते. म्हणून दोन्हींची तुलनाच होत नाही.

अर्थात भिंतीवरची फवारणीही फसते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर फवारणी होते आणि सणासाठी पंधरवड्यात भिंती शेणमातीने सारवल्या जातात. सुमारे १० आठवडे चालायचा थर सारवणाखाली गाडला जातो. सारवण आधी, फवारणी नंतर, एवढा क्रम पाड्यावर बसून ठरवला तरी पुष्कळ. गोठा सोडून फक्त घर फवारले, तरीही निम्मे काम वाया. शिवाय भिंतीवरचे औषध डास मारते का, ते तपासावे: भिंतीला लावलेल्या शंकूत डास ३० मिनिटे ठेवायचे आणि २४ तासांनी मेलेले मोजायचे. शहरातल्या टाक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी या डासासाठी मात्र आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करणे हा एक उपाय.

रुग्णांचा आलेख पाहून धावपळ करण्यात आणखी एक घोळ आहे. डासातले १० दिवस, माणसात ताप येईपर्यंतचे १० ते १५ दिवस आणि तपासणीतली दिरंगाई धरली, तर आजचा आकडा तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या डासांचा असतो. थंडी पडली की प्रसार आपोआप मंदावतो: २० अंशांवर फॅल्सिपॅरम या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीला पक्व व्हायला सुमारे २८ दिवस लागतात आणि तेवढे दिवस फारच थोड्या माद्या जगतात.

तेव्हा आपल्या बातमीदारांनी किती गावांत धूर झाला हे विचारण्याऐवजी रुग्णसंख्येसोबत किती रक्तनमुने तपासले ते विचारावे. नमुने घटले की रुग्णही घटलेले दिसतात. व्हायव्हॅक्सच्या किती रुग्णांनी यकृतातला परजीवी मारणाऱ्या प्रिमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण केल्या, हेही छापावे. चौथ्या दिवशी ताप उतरतो, पाकीट फळीवर जाते, यकृतात दडलेला परजीवी काही महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतो आणि सरकारी तक्त्यात तोच माणूस नवा रुग्ण म्हणून चढतो.

कळावे,
हिवताप-गणिताचा एक अभ्यासक, शिरपूर