दोन रंगांची कूपनं

प्रिय सुमे,

मी बरी आहे, गुडघा आता फार कुरकुरत नाही, आईची शुगर ताब्यात आहे. झालं तब्येतीचं. आता मुख्य सांगते, कारण आज मीटिंगमध्ये जे झालं ते घरी सांगून कुणाला कळणार नाही, हे म्हणतील छापली दोन रंगांची कूपनं तर छापली, त्यात एवढं काय. तुला कळेल.

डिसेंबरच्या परिषदेची निवास-भोजन-वाहतूक माझ्याकडे आहे हे तुला फोनवर बोलले होते. तर आज छापखान्यातून नमुने आले, गुलाबी आणि पांढरे. गुलाबी म्हणजे निमंत्रित, सत्राध्यक्ष, स्पॉन्सरची माणसं, त्यांना आतल्या हॉलमध्ये टेबलावर वाढणार. पांढरं म्हणजे संशोधक विद्यार्थी, बाहेर मांडवात बुफे. पांढऱ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘फक्त मांडव’. ते वाचलं आणि मला एकदम तू दिसलीस गं, एम.ए.च्या त्या परिषदेतली, पेपर वाचून टाळ्या घेऊन आलेली, हातात ताट, आणि बिल्ला लावलेला तो माणूस म्हणतोय, तुमचं कूपन इकडचं नाही. तू ताट होतं तसं परत ठेवलंस. मग गेटबाहेर वडापाव. रडत तू होतीस, मी नव्हते, यावरचं आपलं भांडण अजून चालू आहे आणि मी माघार घेणार नाहीये.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, एकच रांग, एकच जेवण, सगळ्यांना. पनीर आणि दुसरं गोड काढा, पिठलं-भाकरी, मसालेभात, मठ्ठा ठेवा, बजेट बसतं, केटररशी मी बोललेय. पम्याला त्याचा गाईड कुठे मिळाला? मठ्ठ्याच्या पिंपाशी! सत्रात प्रश्न विचारायला पोरं घाबरतात, वेळही नसतो, जेवणाच्या रांगेत मात्र ज्यांची पुस्तकं वाचलीत ते सर शेजारी उभे असतात आणि लोणचं सरकवता सरकवता बोलणं सुरू होतं. ते बोलणंच बंद करायचं असेल तर माणसं पुण्याला बोलवायची कशाला, पेपर ईमेल करा म्हणावं.

तर यावर उत्तर काय आलं, की मग कूपनांची कटकटच नको, बायपासच्या पलीकडच्या त्या मोठ्या हॉटेलात सगळं घेऊ, हॉल तिथे, जेवण तिथे, राहणं तिथे. माझं डोकंच फिरलं. राहणार कोण तिथे? खोलीचं भाडं ऐकूनच निम्मी पोरं नावं काढून घेतील. बाहेर राहून रोज ये-जा करायची तर सकाळ-संध्याकाळ गणेशखिंड रस्ता. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल 2020 ला पाडला तेव्हापासून तिथे काय काय चाललंय ते तू मागच्या वेळी रिक्षात बसून पाहिलंसच, आणि त्या रिक्षावाल्याला राज्यशास्त्र शिकवलंस तेही मला आठवतंय.

लॉ कॉलेज रोडचं सभागृह आपल्याला मिळतंय सुमे! थोडं जुनं आहे, एसी सगळीकडे नाही, पण डिसेंबरात एसी लागतो कुणाला? पुणे स्टेशनला उतरलं की समोर मेट्रो, वनाझची गाडी पकडली की न बदलता नळ स्टॉप, तिथून झाडाखालून पंधरा-वीस मिनिटं चालत. स्वारगेटला उतरणाऱ्यांना सिव्हिल कोर्टला बदलावी लागते, जमिनीखालच्या लाईनवरून पार वर यावं लागतं, पण सरकते जिने आहेत. मराठवाड्यातून एसटीने येणाऱ्यांचे जरा हाल आहेत, शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामात वाकडेवाडीला गेलं, तिथून शिवाजीनगर मेट्रोपर्यंत रिक्षा लागते, तर तिथे मी पहाटेपासून दोन स्वयंसेवक उभे करणार आहे. विमानाने येणारे लोहगावहून रामवाडीपर्यंत आले की झालं, रामवाडी ते नळ स्टॉप एकच गाडी. मेट्रोचं तिकीट 10 ते 35 रुपये. आणि ही मंडळी म्हणतात शहरात ट्रान्सपोर्टचा प्रॉब्लेम आहे!

संध्याकाळी मोकळं सुटलं की चालत एफसी रोड. वैशाली, रूपाली, वाडेश्वर, ज्याच्या खिशाला जे परवडेल ते, आणि काहीच नाही तर गुडलकला बन मस्का आणि चहा. ते 1935 पासून आहे, आपल्याआधी कितीतरी जण तिथे थिसिसवर भांडून गेले असतील. (वैशालीतल्या एसपीडीपीची, म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरीची, दुसरी प्लेट तुझी होती. पैसे मी दिले होते. नुसतं आठवण करून देतेय.)

मी त्यांना हेही सांगितलं की 1919 साली पहिली प्राच्यविद्या परिषद भांडारकर संस्थेने याच पुण्यात भरवली, डॉ. भांडारकर अध्यक्ष होते, आणि ती संस्था याच रस्त्यावर आहे. दुपारच्या सुट्टीत पोरं चालत जाऊन पाहून येतील. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, तिचं काम 1919 ते 1966 इतकी वर्षं जिथे चाललं ती जागा बाहेरून पाहिली तरी संशोधन करणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. हॉटेलच्या खिडकीतून काय दिसणार, बायपासवरचे ट्रक?

मीटिंग संपल्यावर किनवटच्या एका मुलीचा फोन आला. पहिलाच पेपर आहे तिचा. पेपरबद्दल एक शब्द नाही विचारला, विचारलं काय तर, मॅडम, स्टेशनवरून चालत येता येईल का. मग जरा थांबून, जेवण फीमध्ये धरलंय ना? मी हो म्हणून टाकलं. अजून काहीच ठरलेलं नाही, शनिवारी निर्णय आहे, पण मी हो म्हटलंय आणि आता ते मी करून घेणारच. बाई माझ्या बाजूने आहेत. सर गप्प बसले, त्यांचं गप्प बसणं तुला माहीतच आहे. तू सल्लागार समितीवर आहेस, तेव्हा शनिवारच्या आत एक मेल टाक, चार ओळींचा पुरे, त्या वडापावाचं लिहिलंस तरी चालेल. तू लिहिलंस तर ते ऐकतील.

तुझ्या बदलीचं काय झालं? मनीची बारावी, तिला म्हणावं मावशी फोन करेल. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणावं. घराचं काम संपलं असेल तर फोटो पाठव.

आणि तिकीट आजच काढ, महाराष्ट्र एक्सप्रेसला नंतर वेटिंगच मिळतं. राहायला माझ्याकडे, गेस्ट हाऊसबिस काही नाही.

तुझी,
शुभा