आक्का, आधी कोण आलतं ते बघायला तुम्ही शिकवलंत

तीर्थस्वरूप आक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातवाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलंय. घरी येऊन बोलायला गेलं की तुम्ही "बस्स झालं गं, चहा घे" म्हणून विषय मोडता, म्हणून हा उद्योग. शिवाय आमच्या परसातली वांगी, दोडके बघून लोक माझं कौतुक करतात आणि तुमचं नाव सांगायचं राहून जातं. ते एकदा चारचौघांत सांगून टाकते.

आपण कोल्हापूरच्या कडेची, कळंब्याच्या पलीकडं, कात्यायनीच्या बाजूला राहणारी माणसं. पुढं ऊस, मागं डोंगर. घर बांधताना मागची मोकळी जागा बघून मला वाटलं होतं, आता कपिलतीर्थ मंडईत जायला नको, मेथी-कोथिंबीर दारातच. माती झकास, शेणखत तुमच्याच गोठ्यातलं, पाणी बोअरचं. सगळं उगवायचं आणि सकाळी उठून बघावं तर अर्धं गायब. ज्याला विचारावं तो वेगळाच उपाय सांगायचा. कुणी तिखटाचं पाणी मार म्हणायचं, कुणी रात्रभर रेडिओ लाव म्हणायचं.

तुम्ही आलात, कमरेवर हात ठेवून वाफ्याभोवती फिरलात आणि म्हणालात, "आधी कोण आलतं ते बघूया. मग काय करायचं ते ठरवूया." मला तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या एका वाक्यासाठी.

तुमचं माहेर राधानगरीकडचं. १९५८ साली दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी अभयारण्य झालं तेव्हा तुम्ही परकर-पोलक्यातल्या. माळ्यावर बसून नाचणीची राखण केलेली माणसं तुम्ही. त्यामुळं जमीन कशी वाचायची हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. माती नांगरल्यासारखी उलथून पडली असेल आणि फाटलेल्या खुरांचे ठसे असतील तर रानडुक्कर. बुडखा कुरतडलेला, रताळी उकरून खाल्लेली आणि जवळपास एखादा काटा पडलेला असेल तर साळिंदर. कोवळा शेंडा चाकूनं तिरका कापल्यागत दिसला आणि खाली गोल लेंड्या असल्या तर ससा. रोप वरून हिरवंगार, पण हात लावला की आडवं होतंय आणि शेजारी भुसभुशीत मातीचा ढीग, म्हणजे घूस. एक चावा घेऊन टाकलेली दहा टोमॅटो दिसली की विचारायलाच नको, माकडं. आणि उगवलेली मेथी नुसती टिपून नेलेली, मातीत तीन बोटांची नक्षी, तर मोर-लांडोर.

तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लेखी हे सगळे मिळून एकच "जनावर" होतं. मोरावर जो उपाय चालतो तो घुशीला लागू पडत नाही. उघड गोष्ट आहे, पण दुकानात जाळी घ्यायला गेल्यावर हे कुणी विचारत नाही. तिथं फक्त किती मीटर ते विचारतात.

मोरांचं तुम्ही चुटकीसरशी मिटवलंत. पेरलं की वाफ्यावर बुट्ट्या पालथ्या घालायच्या, रोपं वीतभर झाली की काढायच्या. मोठ्या रोपाला मोर फारसा त्रास देत नाही.

साळिंदराला मात्र वेळ लागला. ते उडी मारत नाही, खालून येतं. लाकूड आणि प्लॅस्टिक त्याला खाऊच. म्हणून तुम्ही कुंपणाच्या कडेनं हातभर चर खणायला लावलात, त्यात लोखंडी चिकन जाळी उतरवलीत आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला आडवं वळवून मातीनं बुजवलंत. मी म्हटलं, आक्का, हे बाहेर कशाला? तर म्हणालात, "ते कुंपणाच्या बुडाशीच उकरतंय. उकरलं की पायाखाली जाळी लागंल. मागं सरून लांबनं उकरायचं त्याच्या डोस्क्यात येत न्हाई." तसंच झालं. चराच्या जागी ओरखडे दिसले, आत काही नाही. घुशीही बऱ्याचशा तिथंच अडल्या.

वरून लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकली तो दिवसही तुम्हीच निभावलात. गल्ली काठ्या घेऊन गोळा झाली होती. तुम्ही सगळ्यांना मागं हटवलंत आणि सर्पमित्र येईपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसलात. त्यांनी कात्रीनं जाळी कापून तिला सोडली. "घुशी कोण खातंय मग, तू?" हा तुमचा प्रश्न मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून आमची नायलॉनची जाळी जमिनीपासून गुडघाभर वर आणि ताणून बांधलेली असते. खाली ढिली पडलेली जाळी म्हणजे सापाला फासच.

एकानं तारेत लाईटचा करंट सोडायचा सल्ला दिला होता. तुम्ही त्याला जे ऐकवलंत ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण खरंच, त्या तारेला डुकराआधी शेजारचं पोर चिकटायचं. मोर तर राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतला. गवाही त्याच यादीत. २०२१ च्या डिसेंबरात गवा शहराच्या वेशीपर्यंत आला होता तेव्हा मोबाईल घेऊन बघायला पळालेली गर्दी आठवते ना? तुम्ही तेव्हाही म्हणालात, त्याला वाट द्या, तो जाईल. मोठं जनावर दिसलं तर लांब राहून वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करायचा, हे आता आमच्या फ्रिजवर लिहून चिकटवलंय.

आणि उसाचं गणित! ते तर मला सुचणंच शक्य नव्हतं. ऊस उभा असतो तोवर डुकरं, ससे त्यातच दडून असतात. तोडी सुरू झाल्या, पाला पेटला की त्यांचं घरच जातं आणि मग ती आपल्या परसात शिरतात. म्हणून कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत कुंपण बघून घ्यायचं, जुन्या साड्या बांधायच्या आणि त्या दर आठवड्याला जागा बदलून बांधायच्या, कारण एकाच जागची साडी डुकराला लवकरच सवयीची होते. माझ्या लग्नातली एक जरीची साडी तुम्ही बिनदिक्कत मागितलीत. दिली नाही, ते बरं केलं.

माकडांवर तुमच्याकडंही खात्रीचा इलाज नाही, हे तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत. कडेला मिरची, कारली, आळू लावलंय. त्यांना ती सहसा हात लावत नाहीत. टोमॅटो पिकायच्या आत थोडे तांबूस झाले की तोडते आणि घरात पिकवते. पेरूचं झाड मात्र त्यांच्या नावावर केलंय. ही वाटणी तुम्हीच केलीत. मला सुरुवातीला पटली नव्हती, आता चालते.

यंदा वरणा छान धरलाय. नातवाबरोबर शेंगा पाठवल्यात, सोबत आमच्या मिरचीचा खर्डा. डबा रिकामा परत पाठवू नका, घेवड्याचं गावठी बी द्या, पिशवीतलं नको. आणि सवड झाली की एकदा या. मोरीच्या पाईपाजवळ काल नवीन उकरलेलं दिसतंय. काटा नाही, मातीचा ढीगही नाही. मला अजून कळलेलं नाही कोण आलतं ते.

तुमची,
चाफ्याच्या घरातली