डिसेंबरात घेतलेले पैसे मार्चमधे कुणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी बजेट आलं की तुमच्या पेपरात चार चार पानं भरून येतं, काय स्वस्त काय महाग, स्लॅब किती, आणि ते मी वाचतो, नाही असं नाही. पण ३१ मार्चला आमच्यासारख्या एकट्यादुकट्या धंदेवाल्याने स्वतःच्या वहीत नेमकं काय करायचं हे कुणी लिहीत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसलो. मी दापोलीत एसी-फ्रीज रिपेअरिंग करतो, हाताखाली एक पोरगा आहे, मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै इथल्या होमस्टेवाल्यांची कामं जास्त. शिक्षण आयटीआय, सीए नाही, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आमच्याकडे मार्च म्हणजे शिमगा. पालखी गावात फिरतेय, चाकरमानी आलेत, त्यात आंब्याची गडबड सुरू, वही कोण उघडतोय. मग जुलैत सीएकडे पिशवीभर पावत्या घेऊन जायचं आणि "बघा तुम्हीच काय ते". मीही कित्येक वर्षं हेच केलं.

माझी खरी चूक एएमसीत, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारात झाली. इकडे होमस्टेवाल्यांच्या हातात पैसा खेळतो तो दिवाळीपासून थर्टीफर्स्टपर्यंत, म्हणून मी एएमसी डिसेंबरातच घ्यायचो. एकाच्या सहा एसींचे वर्षाचे १८,००० रुपये १ डिसेंबरला मिळाले, मी रोजमेळात जमा केले, उत्पन्न म्हणून धरले, विषय संपला. असे अकरा गिऱ्हाईक, काही मोठे काही बारके. पण एसी बिघडतात कधी, तर एप्रिल-मेत, सगळ्या रूम फुल्ल आणि कंप्रेसर रात्रंदिवस चालू असतो तेव्हा, त्यात खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटच्या जाळ्या खाऊन टाकलेल्या. म्हणजे पैसे उडवले थंडीत आणि गॅस, कपॅसिटर, पेट्रोल हे सगळं मेमधे खिशातून, आणि मी आपला डोकं खाजवतोय की मार्चला एवढा नफा दिसत होता तो गेला कुठे.

आमच्या आळीत एक काका आहेत, पूर्वी एका वखारीत दिवाणजी होते, कीर्द-खतावणी हाताने लिहिलेला माणूस. ते म्हणाले, अरे ते पैसे तुझे झालेत कुठे अजून? महिन्याचे दीड हजार, डिसेंबर ते मार्च चार महिने, सहा हजार तुझे. उरलेले बारा हजार हे त्याचं तुझ्यावर देणं आहे, फक्त ते तू पैशाने नाही, कामाने फेडणार आहेस. म्हणजे ३१ मार्चला उत्पन्नातून १२,००० काढायचे आणि ताळेबंदात देण्याच्या बाजूला "आगाऊ मिळालेले" म्हणून ठेवायचे, मग एप्रिलपासून दर महिन्याला दीड हजार उत्पन्नात ओढायचे. अकराच्या अकरा गिऱ्हाइकांचा असा हिशोब केला तेव्हा माझा निम्म्याहून जास्त नफा हवेत विरला. आधी वाईट वाटलं मग हायसं वाटलं, निदान कारण तरी कळलं.

याच्या उलट गाडीच्या विम्याचं. वर्षाचा प्रीमियम १ जानेवारीला भरला तर यंदाचा खर्च तीनच महिन्यांचा, बाकी नऊ महिन्यांचा पुढच्या वर्षात जातो. आणि पोराचा मार्चचा पगार मी ७ एप्रिलला देतो, महावितरणचं मार्चचं बिल एप्रिलात येतं, तरी ते खर्च मार्चचेच, वहीत आधी घ्यायचे आणि देणं म्हणून दाखवायचे. कुणी म्हणेल पैसे आले-गेले तेव्हाच लिहिलं तर? तशी रोखीची पद्धतही कायद्याला चालते, फक्त दरवर्षी तीच ठेवायची, सोयीनुसार इकडून तिकडे उड्या मारायच्या नाहीत. पण माझ्यासारख्या आगाऊ पैसे घेणाऱ्याला त्यातून स्वतःचा धंदा कळत नाही हे मी भोगलंय.

आमचा सर्व्हिसचा धंदा म्हणून स्टॉक नाही असंही समजू नका. कॉपर पाइप, पीसीबी, अर्धे वापरलेले गॅसचे सिलिंडर, हे सगळं ३१ तारखेला मोजायचं, सिलिंडर मी काट्यावर ठेवून रिकाम्याचं वजन वजा करतो. पोरगा हसतो, हसू दे.

उधारीचं तर विचारूच नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुकानाचे पत्रे उडाले आणि उधारीची वही भिजून लगदा झाली, लाइट कित्येक दिवस नव्हती, मोबाइल बंद, कुणाकडे किती येणं ते माझ्या डोक्यात जेवढं होतं तेवढंच. निम्म्या लोकांनी आपणहून आकडा सांगितला, काहींनी "दिले होते की" म्हटलं, आणि कोण खरं कोण खोटं ते मी तरी कशावरून ठरवणार. तेव्हापासून रोज रात्री पानाचा फोटो काढतो. आणि दोन-दोन वर्षं फिरवणारी उधारी मार्चला बुडीत म्हणून खर्ची टाकतो, उगाच येणं फुगवून ठेवण्यात काय अर्थ आहे.

गल्ल्यातून घरी नेलेला पैसा हा खर्च नाही, ती उचल, भांडवलातून वजा होते. व्हॅनच्या हप्त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल नाही. व्हॅन मी डिसेंबरात घेतली ३,६०,००० ला, घसारा (वापराने उतरणारी किंमत, ती खर्चात धरतात) १५ टक्के, पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली म्हणून निम्मा, म्हणजे २७,०००. (आमच्या खाऱ्या हवेत पत्रा पंधरा टक्क्यांच्या हिशोबाने गंजत नाही, फार जोरात गंजतो, पण ते कोण ऐकणार.) आणि एका रिसॉर्टने ४०,००० च्या बिलावर १ टक्का टीडीएस, म्हणजे बिल देतानाच कापायचा आयकर, कापून ३९,६०० दिले तर वहीत उत्पन्न ४०,०००च लिहायचं, ते चारशे सरकारकडे आपलं येणं आहे. मी बँकेत आले तेवढेच लिहायचो आणि मग २६एएसशी, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सच्या सरकारी उताऱ्याशी, आकडा जुळायचा नाही.

आता बरेच जण म्हणतात, आमची उलाढाल २ कोटींच्या आत, आम्ही ४४एडीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं छोट्या धंद्यांना ठोक टक्क्याने नफा दाखवू देणारं कलम) रिटर्न भरतो, रोखीवर ८ आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा दाखवला की झालं, पुस्तकं लागतच नाहीत. बरोबर आहे, टॅक्सपुरतं. पण मी दुसऱ्या गाडीच्या कर्जाला एका बँकेत गेलो तर साहेब म्हणाले ताळेबंद दाखवा, आणि माझ्याकडे रिटर्नचा कागद सोडून काही नव्हतं, तीन फेऱ्या झाल्या, कर्ज नाही ते नाहीच मिळालं.

म्हणून विनंती एवढीच की फेब्रुवारीत, शिमग्याच्या आधी, एखाद्या जाणत्या माणसाकडून हे साध्या भाषेत लिहून घ्या, रिक्षावाले, पार्लरवाल्या ताई, होमस्टेवाले सगळ्यांना उपयोग होईल. यंदापासून मी सगळ्या एएमसी १ एप्रिल ते ३१ मार्च अशाच करायला घेतल्यात, म्हणजे मार्चला ही वाटणीची कटकटच नको आणि पैसाही काम असतं तेव्हाच हातात येईल. पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं तर म्हणाले, हो हो चालेल की, सीझन संपला की देतो.

आपला,
एक एसी मेकॅनिक, दापोली