‘विधवा चालेल’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकातील वधूवर जाहिराती मी गेली पंधरा-सोळा वर्षे वाचत आले आहे. आधी भाच्यांसाठी, नंतर मुलीसाठी आणि मध्यंतरी वर्ष-दीड वर्ष कोणाला कळू न देता स्वतःसाठी. पहिल्या लग्नाचा मुलगा ‘अनुरूप वधू पाहिजे’ असे लिहितो. जाहिरात विधुराची असली की मात्र शेवटी हटकून दोन शब्द येतात, ‘विधवा चालेल’. कधी त्याआधी ‘जबाबदारी नसलेली’ अशी पुस्ती असते, म्हणजे मुले नसलेली. बाजारात वांगी मिळाली नाहीत तर दोडकी चालतात, तशी ही बाई चालणार असते. या दोन शब्दांविषयी आणि त्यांच्यामागच्या एका समजुतीविषयी मला लिहायचे आहे. ती समजूत अशी की, जोडीदार गेल्यानंतर होणारे लग्न ही सोय असते आणि तिच्यात प्रेम शोधायला जाऊ नये.

मी जालन्याची. आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. एका खाजगी रुग्णालयात मी तीस वर्षे परिचारिका होते. माझे पहिले यजमान येथील रोलिंग मिलमध्ये फिटर होते. डिसेंबर २०१५ मध्ये, नाताळच्या आठवड्यात, कॅरोल गाणारी मंडळी आमच्या दारातून पुढे जाऊन तास झाला नसेल तोच ते हृदयविकाराने गेले. तेव्हा मी ४८ वर्षांची होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांशी विवाह केला. त्यांच्या पत्नी कर्करोगाने वारल्या होत्या आणि शेवटची दोन वर्षे त्यांनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली होती. आमची ओळख एका नातेवाइकांच्या सांत्वनसभेत झाली, हे मुद्दाम सांगते, कारण अशी ओळख देवळातल्या गुलाबी पडद्याआड होते असे कोणाला वाटू नये.

लग्नाआधी तीन रविवार मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, आमची नावे वाचली गेली. बाकांवरून जी कुजबुज झाली तिच्यात निंदा फारशी नव्हती. लोक समजूतदारपणेच बोलत होते, पण प्रत्येकाच्या तोंडी तोच एक शब्द होता : ‘बरं केलंत सिस्टर, म्हातारपणाची सोय झाली.’ सोय हा शब्द मुळात वाईट नाही. आपल्या सोयरिकीतही तो ऐकू येतोच. मात्र पंचविशीतल्या नवरीला कोणी ‘सोय झाली’ म्हणत नाही, तिला ‘सुखी राहा’ म्हणतात. विधुराच्या बाबतीत हा हिशेब आणखी उघड असतो. बायको जाऊन वर्ष होत नाही तोच ‘घर उघडे पडले’, ‘लेकरांच्या तोंडात घास कोण घालणार’ असे म्हणत आत्या-मावश्या स्थळे आणू लागतात आणि त्या बिचाऱ्याला धड रडायलाही सवड मिळत नाही. विधवेला सवडच सवड असते, आणि सात वर्षांनी तिने विचार केला तरी ‘या वयात काय नडले होते’ हा प्रश्न ठरलेला असतो. दोन्हीकडे गृहीत धरलेले असते ते इतकेच की पुरुषाला स्वयंपाकीण लागते आणि बाईला काहीच लागत नाही.

शास्त्राचा आधार मागणारेही भेटले. वास्तविक या एका प्रश्नावर आमचे शास्त्र, म्हणजे बायबल, अगदी स्वच्छ बोलते. लग्नाची शपथच मरण वेगळे करीपर्यंतची असते. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे की पती मरण पावल्यावर स्त्री आपल्या इच्छेस येईल त्याच्याशी, पण प्रभूमध्ये, लग्न करण्यास मोकळी आहे. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना तर तरुण विधवांनी लग्न करावे अशी आपली इच्छा असल्याचे तो कळवतो. साऱ्या विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणवणाऱ्या अब्राहामाने सारेच्या मृत्यूनंतर कटूरेशी लग्न केले, त्याबद्दल त्याला कोणी बोल लावल्याचे मी वाचलेले नाही. तरीही आमच्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले की, पुनरुत्थानाच्या दिवशी तुम्ही दोघांपैकी कोणाची पत्नी म्हणवणार? एकीने एकामागून एक सात भावांशी लग्न केल्याची गोष्ट रचून हाच प्रश्न येशूला विचारणारे लोक सदूकी या यहुदी पंथाचे होते आणि त्यांचा पुनरुत्थानावर मुळी विश्वासच नव्हता, याची मी त्यांना नम्रपणे आठवण दिली. पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करीत नाही, हे येशूचे उत्तर त्यांना तोंडपाठ होते. प्रश्न कोणाचा होता, एवढेच ते विसरले होते.

मग ही लाज आमच्यात आली कुठून? धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, त्या काळात या भागातील गावकुसाबाहेरच्या ज्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे. तो रात्रीच्या अंधारात लागे, त्याला वाजंत्री नसे, आणि नवरा अविवाहित असला तर त्याचे आधी रुईच्या झाडाशी लग्न लावून मगच त्याला पाटाला उभे करीत. मान कमी होता, हे उघडच आहे. तरी वाट बंद नव्हती. पुढे शाळा शिकून, मास्तर आणि नर्स होऊन आम्ही सुधारलो, आणि ज्या घरांकडे पाहून सुधारलो त्यांच्या चालीरीतींबरोबर त्यांची ही लाजही उचलून आणली. आमच्यात बांगड्या फोडत नाहीत, असे आम्ही अभिमानाने सांगतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या महिला मंडळात ‘हे प्रश्न आपले नव्हेत’ म्हणून तो विषय दोन मिनिटांत संपला. त्याच उन्हाळ्यात पुतणीच्या हळदीला मला ‘तुम्ही जरा मागे बसा’ असे सांगण्यात आले. हळद लावायला सवाष्णच लागते, हे चारांपैकी कोणत्या शुभवर्तमानात लिहिले आहे, ते मला अजून सापडलेले नाही.

आणि हे त्या समाजात, ज्यातील बाबा पदमनजी यांनी विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले! मराठीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या या पुस्तकाची नायिका विधवा होते, बाप्तिस्मा घेते आणि पुन्हा लग्न करते. मराठी कादंबरीने जिथून चालायला सुरुवात केली तिथपर्यंत आमच्या मंडळ्यांतली हळद दीडशेहून अधिक वर्षांत पोहोचलेली नाही.

आता आमच्याकडे वाचले जाते ते निराळेच. जोडीदार गमावलेल्या स्त्री-पुरुषांना देवकृपेने पुन्हा प्रेम लाभते, अशा आशयाच्या, इंग्रजीवरून उतरवलेल्या कथा मोबाईलवर फिरत असतात. मी त्या वाचल्या आहेत आणि एकटेपणाच्या रात्रींत त्यांची सोबत झाली, हे मी नाकारणार नाही. परंतु त्या वाचताना मी दोन ठिकाणी अडखळते. पहिला नवरा एक तर वाईट माणूस निघतो, म्हणजे दुसरा आपोआप चांगला दिसावा; नाही तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत तो इतका पुसला जातो की, त्याच्यासाठी रडलेली बाई हीच का, असा प्रश्न पडावा. शिवाय त्यांतला देव लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा वागतो. प्रार्थना संपते न संपते तोच फोन वाजतो. माझा फोन सात वर्षे वाजला नव्हता, आणि त्या सात वर्षांत देव नव्हता असे मला म्हणता येत नाही.

त्यापेक्षा बायबलमधले रूथचे चार अध्यायांचे पुस्तक मराठवाड्यातल्या माणसाला अधिक जवळचे वाटावे. दुष्काळाने घर सोडलेले कुटुंब, परमुलखात झालेले तीन मृत्यू, मागे उरलेल्या तीन विधवा, आणि सातूच्या हंगामात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी सून. ज्यांनी ज्वारीची काढणी झाल्यावर मागे राहिलेली कणसे स्वतः वेचली आहेत, किंवा आईला वेचताना पाहिले आहे, त्यांना सरवा म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. या पुस्तकात देवदूत येत नाही, कोणाला स्वप्न पडत नाही, आकाशवाणी होत नाही. रूथने पुन्हा संसार मांडावा म्हणून खटपट करते ती तिची सासू नामी. आपल्याकडे अशा किती सासवा निघतील? ज्याच्याशी रूथचे लग्न होते त्या शेतमालक बवाजाचे तिच्यावर प्रेम होते, असे शास्त्र शब्दांत कुठेच सांगत नाही. प्रीतीचा उल्लेख येतो तो अगदी शेवटी, आणि तोही सुनेची सासूवर किती प्रीती आहे हे शेजारणी बोलून दाखवतात तेव्हा. ज्यांना हे लग्न निव्वळ व्यवहार ठरवायचे आहे त्यांना पुरावाही मुबलक आहे, कारण जमिनीची सोडवणूक आहे, वेशीवर साक्षीला बसवलेले दहा वडील आहेत, मृताचे नाव त्याच्या वतनात टिकवण्याची तजवीज आहे. पण हाच बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम मागे सोडा आणि तिला धमकावू नका. त्या ‘मुद्दाम’मध्ये मला जे दिसते त्याला सोय हा शब्द पुरत नाही.

माझ्या बाबतीत ते चुन्यात दिसले. आमच्याकडे ईस्टरच्या आधी कबरी साफ करून त्यांना चुना देतात आणि ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात मेणबत्त्या लावतात. २०२२ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी मी खुरपे आणि बादली घेऊन गेले, तर हे माझ्याआधीच तेथे होते. परभणीहून पहाटेच्या गाडीने आले होते, माझ्या यजमानांच्या कबरीवरचे गवत काढून झाले होते आणि डब्यात चुना कालवणे चालले होते. मला पाहून म्हणाले, ‘परभणीची काल आटोपली, इथली राहिली होती.’ दगडावरच्या नावाची अक्षरे काळ्या रंगाने पुन्हा भरता भरता त्यांनी विचारले, ‘यांना घरी काय म्हणून हाक मारायचे?’ सहा वर्षांत मला कोणी हे विचारले नव्हते. तोपर्यंत लग्नाविषयी आमच्यात उघड बोलणे झालेले नव्हते, आणि त्या दिवशी मला ते करण्याची गरजही उरली नाही. आज आमच्या घरात ते हाकेचे नाव रोजच्या बोलण्यात असते, तसेच त्यांच्या पत्नीचेही. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या किती घालायच्या हे मी त्या माउलीच्या प्रमाणानेच ठरवते, कारण माझे प्रमाण चुकते असे माझेच मत आहे. माझ्या पहिल्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि आमच्याकडेच राहतात. त्या ह्यांना ना जावई म्हणत, ना मुलगा. ‘गुरुजी’ म्हणतात आणि जेवायला मात्र त्यांच्यावाचून बसत नाहीत.

व्यवहार नव्हता असे नाही. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेनुसार विधवेने पुन्हा लग्न केले की तिचे निवृत्तिवेतन बंद होते, तसे माझेही झाले. रक्कम मोठी नव्हती, पण केवळ सोय पाहणारी बाई ती सोडील का, हे सोय-सोय म्हणणाऱ्यांनी सांगावे. माझ्या मुलाचा राग घरापायी होता. ख्रिस्ती माणसाच्या वारसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसल्यास पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश वाटा मिळतो, आणि आईने लग्न केल्याने मुलांचा तो वाटा जात नाही, हे वकिलांकडून ऐकल्यावर त्याचा राग बराच उतरला, पूर्ण नव्हे. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे आमच्यात फार थोड्यांना माहीत असते : लग्न केले की त्याआधी केलेले मृत्युपत्र रद्द ठरते. आम्ही दोघांनी लग्नानंतर लगेच नवीन मृत्युपत्रे केली. ज्या ख्रिस्ती विधवा-विधुरांना हे पाऊल उचलायचे आहे त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

पुन्हा लग्न न करणाऱ्यांना मी कमी लेखते, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. पौलही लगेच पुढच्या ओळीत, आपले मत म्हणून, तशीच राहिलेली विधवा अधिक सुखी होईल असे सांगतो. पंडिता रमाबाईंचे यजमान १८८२ मध्ये वारले आणि बाईंनी दुसरे लग्न केले नाही. पण त्यांच्याच शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंचे १८९३ मध्ये विधुर असलेल्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले. एकटीने राहण्याचे धैर्य आमच्या मंडळ्यांना चांगले ठाऊक आहे, त्यावर प्रवचने होतात. दुसऱ्या वाटेवर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही.

म्हणून आमच्यातील लिहित्या मंडळींना माझे सांगणे आहे की त्यांनी या गोष्टी येथल्या माणसांच्या लिहाव्यात. त्यांत मेलेल्या माणसाला मेल्यानंतरही घरात जागा असावी, रागावलेला मुलगा असावा, बंद झालेले निवृत्तिवेतन असावे, आणि तरीही त्याला प्रेमच म्हणावे. आपल्याकडे, संपादक महाराज, माझी मागणी त्याहून लहान आहे. जाहिरात विभागाने येणाऱ्या मजकुराला कात्री लावावी असे मी म्हणत नाही. पण जाहिरात घेताना खिडकीवरच्या माणसाने ‘विधवा चालेल’ लिहून आणणाऱ्याला ‘विधवा’ एवढेच पुरे, असे सुचवायला हरकत नसावी. छोट्या जाहिरातींचा दर शब्दांवर असतो. गिऱ्हाइकाचा एक शब्द वाचेल.

आपली,
एक वाचक, जालना
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)