भोक असलेला प्रत्येक शिंपला फुटका नसतो

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत शंख-शिंपले जमविण्याच्या छंदावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात भोक पडलेले शिंपले शिकारी गोगलगायींनी पोखरलेले असतात, म्हणून ते संग्रहात घेऊ नयेत, असे सरसकट म्हटले आहे. तिसऱ्यांच्या (दोन झडपांच्या खाद्य शिंपल्यांच्या) बाबतीत हे बहुधा खरे असते. नॅटिका कुळातील गोगलगायी त्यांवर वाटोळे, आत निमुळते होत जाणारे भोक पाडतात. परंतु पसरट शंकूच्या आकाराच्या, जाळीदार नक्षीच्या एकसंध कवचाच्या नेमक्या माथ्यावर छिद्र असेल, तर ते कवच कीहोल लिंपेटचे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या एका सागरी गोगलगायीचे, समजावे. मुंबईचे नाव लाभलेली डायोडोरा बॉम्बेयाना ही जाती याच कुळातील आहे.

हे छिद्र प्राण्याचे स्वतःचे असते. कवचाच्या पुढील कडेखालून आत शिरलेले पाणी दोन कल्ल्यांवरून वाहते आणि विष्ठेसह माथ्यावरून बाहेर पडते. पिलाच्या कवचाला आरंभी कडेशी केवळ एक खाच असते. कवच वाढताना ती पुढून बंद होते, मूळ टोक नाहीसे होते आणि छिद्र माथ्यावर येते. संग्राहकाने कवच उलटे करून पाहावे: आतून छिद्राभोवती जाडसर कडे असते, आणि डायोडोरा वंशात ते मागच्या बाजूस सरळ कापल्यासारखे दिसते. फिसुरेला या जवळच्या वंशात ते तसे नसते. वाळूत घासून वरची नक्षी पुसट झाली असेल, तर ही खूण विशेष उपयोगी पडते.

अशी रिकामी कवचे टाकून न देता त्यांसोबत किनाऱ्याचे नाव व तारीख लिहून ठेवावी. कवच लाटांनी थोडे दुरून आणलेले असू शकते, तरीही नोंदीचे मोल कमी होत नाही. मुंबईतील सागरी किनारा मार्गाच्या कामानिमित्त हाजीअली व वरळी येथील प्रवाळ, कायद्याचे संरक्षण असल्यामुळे, २०२० मध्ये हलविण्यात आले. खडकांवरील लिंपेटसारख्या जीवांची एवढी विचारपूस क्वचितच होते. ओहोटीच्या वेळी खडकाला चिकटलेला जिवंत प्राणी सुरीने उचकटणे हा मात्र छंद नव्हे, आणि लेखात याविषयी एक वाक्य तरी असायला हवे होते.

पुरवणीच्या पुढील अंकात ही दुरुस्ती, शक्य झाल्यास कवचाच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह, छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अलिबाग