हुमणीचा जोर अळीत, भुंगेऱ्यात नव्हे

महोदय,

प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे, असले पोकेमॉनसारखे व्हिडिओ गेम आमच्या वाळवा तालुक्यातही घरोघरी पोचले आहेत. सांगलीत इंजिनिअरिंग शिकणारा माझा पुतण्या मित्रांबरोबर तसाच एक खेळ तयार करतोय. त्यासाठी त्याने हुमणीवरून, म्हणजे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या किडीवरून, एक राक्षस काढला आहे: आधी लिबलिबीत, दुबळी अळी, मग कोष आणि शेवटी शिंगं-चिलखतवाला महाबली भुंगेरा.

ऊस लावणारा कुणीही हे बघून हसेल. भुंगेरा करतो काय? वळीव झाला की मे-जूनमध्ये तिन्हीसांजेला जमिनीतून निघतो, कडुलिंब-बाभळीचा पाला खातो, जोडी जमवतो. मादी मातीत अंडी घालते आणि खेळ खलास. रान बसवते ती अळी. ती दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेत, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, उसाच्या मुळ्या अशा कुरतडते की पिवळं पडलेलं बेट नुसतं ओढलं तरी हातात येतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की कीटकाचा राक्षस काढताना प्रत्येक पायरीला ताकद वाढवत नेऊ नये. अळीचं काम खाण्याचं, प्रौढाचं उडण्याचं आणि वंश वाढवण्याचं. हुमणीची मारकशक्ती तिसऱ्या अवस्थेतल्या अळीला द्या. भुंगेरा लढाईत कच्चा असू दे, पण त्याच्यामुळे नव्या अळ्या मिळू देत. मग अळी राखायची की वाढू द्यायची, याचा विचार खेळणाऱ्याला करावा लागेल. पोकेमॉनमध्ये बटण दाबून रूपांतर थांबवता येतंच की.

तो खेळ सुचला सतोशी ताजिरींना. ते टोकियोच्या माचिदा भागात लहानपणी किडे गोळा करत, आणि १९९६ साली आलेल्या पहिल्या खेळापासून ते जाणवतं. त्यातली कॅटरपी सातव्या पातळीला कोष होते आणि दहाव्या पातळीला फुलपाखरू. तिच्या डोक्यावरचं लाल, दुर्गंध सोडणारं शिंग आपल्या कढीपत्त्यावरच्या अळीलाही असतं. काडीने डिवचून बघा. हीच अळी लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. कोष व्हायच्या आधीच दोन सोंगं! पुढच्या एका पोकेमॉन खेळातली निंकाडा मला सगळ्यांत आवडली. ती विसाव्या पातळीला बदलते आणि आपल्या चमूत जागा रिकामी असेल तर तिची टाकलेली कातही वेगळा प्राणी होऊन बसते, जीव फक्त १. झाडाच्या खोडाला चिकटलेली सिकाडाची, म्हणजे झाडावर कर्कश किरकिरणाऱ्या किड्याची, कात ज्याने पाहिली असेल, त्याला हे लगेच पटेल.

पोरांनी चतुरालाही कोष देऊन टाकला होता. चतुराला कोष नसतोच. त्याची पिल्लं पाण्यात राहतात आणि खालचा ओठ झपकन पुढे फेकून भक्ष्य धरतात. एवढं आयतं हत्यार असताना तोंडातून आग कशाला काढायची?

पुतण्याचे मित्र म्हणतात, शेवटचं रूप भव्य नसेल तर पोरं खेळणार नाहीत. मला ते पटत नाही, पण खेळ त्यांचा आहे.

आपल्या बालपुरवणीत फुलपाखराच्या चार अवस्थांचं चित्र हमखास येतं. यंदा हुमणीचं छापावं, आणि तेही वळवाच्या आत. वळीव झाला की गावोगावी झाडं हलवून भुंगेरे गोळा करतात आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतात. चित्र हातात असेल तर पोरंही उत्साहाने येतील.

– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली